पात्राला काय येते: कौशल्यांच्या घरच्या नियमांची प्रस्तावना

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळात कौशल्य म्हणजे पात्राच्या शीटवर लिहिलेला एक दावा असतो: याला कुलूप उघडता येते, हिला जखम बांधता येते, त्याला दरबारी रीतभात ठाऊक आहे. दावा खरा ठरला की नाही हे फासा सांगतो आणि फासा कधी टाकायचा हे खेळ चालवणारा गेम मास्टर सांगतो. छापील नियमपुस्तक या दोघांमधला व्यवहार आखून देते. पण ज्या टेबलावर तो होतो तिथली माणसे, त्यांच्या हातातला वेळ आणि त्यांना रंगवायची गोष्ट पुस्तकाला माहीत नसते. या तफावतीतून घरचे नियम जन्माला येतात. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘एक टप्पा आउट’ आला तो मैदान अपुरे होते म्हणून. रोलप्लेइंगमधला चांगला घरचा नियमही अशाच एखाद्या खऱ्या अडचणीतून निघालेला असतो. लढाईचे नियम एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, त्यामुळे त्यांना हात लावताना खेळाडू कचरतात. कौशल्यांचे नियम बहुतेक खेळांत सैल असतात आणि बदल तिथेच सर्वांत सहज होतात. सहज होतात म्हणूनच ते जपून करावे लागतात.

या जपणुकीचे कारण खेळाच्या इतिहासातच सापडते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली तीन पुस्तिकांच्या रूपात निघाला, तेव्हा त्यात कौशल्यांची यादी नव्हती. योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू एवढेच तीन क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, होते. समोरच्या फरशीखाली सापळा आहे का, हे कळायला खेळाडू सांगायचा की पात्र लांब काठीने फरशी ठोकत पुढे सरकते आहे, आणि पुढे काय घडते ते गेम मास्टर ठरवायचा. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने चोर हा नवा क्लास आणला. कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे, खिसा कापणे, आवाज न करता चालणे, अंधारात लपणे या कामांना त्याच्यासाठी टक्केवारी मिळाली. १९८१ च्या बेसिक पुस्तकात पहिल्या लेव्हलच्या चोराला कुलूप उघडण्याची १५ टक्के, सापळा शोधण्याची १० टक्के आणि उभी भिंत चढण्याची ८७ टक्के संधी आहे. चोराच्या वाट्याला हे सारे आले; पण त्याच क्षणी इतरांच्या मनात प्रश्न उभा राहिला की सापळा शोधणे हे आता चोराचे काम असेल, तर योद्ध्याने काठी ठोकावी की नाही? आदल्या वर्षापर्यंत जे कुणीही करत होते ते आता एकाचे झाले, आणि त्यालाही पहिल्या लेव्हलला ते दहांपैकी नऊ वेळा जमेना.

कौशल्यांच्या घरच्या नियमांचा विचार या घटनेपासून सुरू करणे सर्वांत सोयीचे आहे. यादीत एक नाव वाढवले की ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्या हातून काहीतरी निसटते. ‘दोऱ्या बांधणे’ हे वेगळे कौशल्य आणले की कालपर्यंत निमूटपणे गाठ मारणारे प्रत्येक पात्र आज गाठीला अपात्र ठरते. म्हणून नवे कौशल्य सुचवताना ते कुणाला मिळेल यापेक्षा कुणाकडून जाईल हे आधी पाहावे लागते. ‘ओल्ड स्कूल’ म्हणवणाऱ्या आजच्या टेबलांनी याचे टोकाचे उत्तर दिले आहे: यादीच काढून टाकायची आणि सगळा भार खेळाडूच्या प्रश्नांवर नि कल्पकतेवर टाकायचा. मॅट फिंच यांच्या २००८ मधल्या छोट्या मार्गदर्शिकेने ही भूमिका सुस्पष्ट मांडली. ती पटो वा न पटो, यादी लांबवण्याआधी ती एकदा समजून घेतलेली बरी.

चोरानंतरच्या काही वर्षांत कौशल्यांच्या दोन वेगळ्या वाटा तयार झाल्या. मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’ने (१९७७) कौशल्ये पात्राच्या भूतकाळातून दिली. आरमार, सैन्य, व्यापारी जहाज अशा नोकरीत चार-चार वर्षांच्या मुदती काढायच्या आणि त्या-त्या मुदतीत जे शिकायला मिळेल ते शीटवर लिहायचे. पात्र त्या नोकरीतच मरूही शकत असे. स्टीव्ह पेरिन आणि सहकाऱ्यांच्या ‘रूनक्वेस्ट’ने (१९७८) क्लास ही कल्पनाच सोडून दिली. प्रत्येक कौशल्याला टक्केवारी दिली आणि वापरलेले कौशल्य वापरातूनच वाढेल अशी सोय केली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ स्वतः मात्र बराच काळ चाचपडत राहिला. टॉम मोल्डवे यांच्या १९८१ च्या बेसिक पुस्तकात मूळ गुणाइतका किंवा त्याहून कमी आकडा वीस बाजूंच्या फाशावर पाडण्याची साधी सूचना होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘नॉनवेपन प्रोफिशिअन्सी’ ऐच्छिक म्हणून आल्या. आणि २००० साली तिसऱ्या आवृत्तीने आज सर्वपरिचित असलेली रीत पक्की केली: वीस बाजूंचा फासा, त्यात बेरीज, समोर गाठायचा लक्ष्यांक. प्रत्येक लेव्हलला कौशल्यांचे गुण मिळत आणि ते यादीत वाटून टाकायचे असत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हा हिशेब पुसून १८ कौशल्ये आणि +२ पासून +६ पर्यंत जाणारा एकच प्रावीण्य-बोनस ठेवला. सध्याचे बहुतेक घरचे नियम याच आवृत्तीच्या अंगाने लिहिले जातात, म्हणून पुढची उदाहरणेही मुख्यतः तिचीच आहेत.

नियम बदलण्याआधी फासा काय करतो हे नीट पाहिले पाहिजे. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक +१ ची किंमत ठरलेली असते: ५ टक्के, कुठेही. ‘ट्रॅव्हलर’मध्ये दोन सहाबाजू फाशांची बेरीज ८ किंवा अधिक यावी लागते. कौशल्याच्या शून्य पातळीला ती संधी सुमारे ४२ टक्के असते, पहिल्या पातळीला ५८, दुसऱ्या पातळीला ७२; पण तिसऱ्यावरून चौथ्या पातळीवर जाताना फक्त ८३ चे ९२ होतात. म्हणजे ‘चांगल्या वर्णनाला +२’ हा वरवर निरुपद्रवी नियम एका खेळात चिमूटभर असतो आणि दुसऱ्यात मूठभर. पाचव्या आवृत्तीतले ‘अॅडव्हान्टेज’, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घेणे, आणखी वेगळे वागते. जिथे ११ लागतात तिथे ५० चे ७५ टक्के होतात. जिथे २० च लागतात तिथे ५ चे जेमतेम पावणेदहा. मधल्या अवघडपणाच्या कामाला ते भरभरून मदत करते आणि अशक्यप्राय कामाला जवळजवळ काहीच देत नाही. गेम मास्टर उदार मनाने ते वाटत असेल, तर त्याने हा फरक ध्यानात ठेवावा.

वीस बाजूंचा फासा आणखी एका बाबतीत उद्धट आहे. +५ बळाचा पैलवान आणि −१ बळाचा पोथीपंडित यांनी पंजा लढवला आणि दोघांनी एकेक फासा टाकला, तर पंडित शंभरांत सुमारे २३ वेळा जिंकतो. एकदा घडले तर मौज वाटते. पण चार-पाच वेळांतून एकदा घडणारी गोष्ट पैलवानाच्या शीटवरचा दावाच खोटा पाडते. यावर दोन उपाय प्रचारात आहेत. पहिला, २००४ च्या ‘अनअर्थ्ड आर्काना’ या पर्यायी नियमांच्या पुस्तकातही दिलेला: एका वीसबाजू फाशाऐवजी तीन सहाबाजू फासे. त्याने पंडिताची संधी ६ टक्क्यांवर येते. दुसरा उपाय सोपा आणि बहुधा अधिक चांगला आहे: अशा ठिकाणी फासा टाकूच नये. पैलवान जिंकतो. आणि पंडिताला जिंकायचेच असेल तर त्याने काहीतरी युक्ती सांगावी. मग त्या युक्तीसाठी फासा टाकता येईल.

फासा कधी टाकू नये याचा नियम कौशल्यांच्या सर्व घरच्या नियमांत पहिला असायला हवा, आणि बहुतेक टेबलांवर तोच लिहिलेला नसतो. अपयशाने काही बदलणार नसेल तर फासा कशासाठी? तिसऱ्या आवृत्तीने याची उत्तरे नियमात बसवली होती. घाई वा धोका नसेल तर फाशावर १० पडले असे मानायचे. हवा तेवढा वेळ असेल आणि अपयशाचा तोटा नसेल तर वीसपट वेळ देऊन २० मानायचे. पाचव्या आवृत्तीत या तरतुदी त्या स्वरूपात राहिल्या नाहीत, आणि अनेक जुन्या टेबलांनी त्या घरचा नियम म्हणून परत आणल्या. त्या आणाव्यातच. त्यांच्या अभावी एकच पात्र एकाच कुलपावर पुन्हा पुन्हा फासे टाकत राहते; ३० टक्के संधी तीन प्रयत्नांत ६६ टक्के होते आणि मध्ये केवळ खडखडाट होतो. ल्यूक क्रेन यांच्या ‘बर्निंग व्हील’ने उलटी दिशा घेतली: एकदा पडलेला फासा परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत कायम. हा नियम कुठल्याही खेळात जसाच्या तसा उचलता येतो. त्याने गेम मास्टरवरही बंधन येते, कारण मनाजोगे अपयश पडेपर्यंत त्यालाही लपणाऱ्या पात्राकडून दर दहा पावलांवर फासा टाकून घेता येत नाही.

तपासकथांमध्ये हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. ‘कॉल ऑफ क्थुलू’ (१९८१) मध्ये ग्रंथालयात शोध घेणे आणि दडलेली वस्तू दिसणे ही कौशल्ये आहेत. दोन्ही हुकली आणि पुढचा दुवा त्याच कपाटात असला, तर संध्याकाळ तिथेच थांबते. रॉबिन लॉज यांनी २००७ च्या ‘द एसोटेररिस्ट्स’मधून आणलेल्या ‘गमशू’ पद्धतीत म्हणूनच योग्य कौशल्य असलेले पात्र योग्य जागी पोचले की मूळ दुवा फाशाविना मिळतो. ज्यांना एवढे सोडायचे नाही त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे: दुवा मिळतोच, फासा फक्त किंमत ठरवतो. कागद सापडला, पण तो शोधताना पहारेकऱ्याला दिवा दिसला का? व्हिन्सेंट बेकर आणि मेगी बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने (२०१०) या मधल्या निकालाला खेळाच्या गाभ्यातच जागा दिली: दोन फाशांत १० वा अधिक म्हणजे पूर्ण यश, ७ ते ९ म्हणजे काहीतरी मोजून मिळालेले यश. वीसबाजू फाशाच्या टेबलांवर ‘लक्ष्यांक पाचच्या आत हुकला तर यश, पण किमतीसह’ असा नियम करतात तो याच विचाराचा. तो चालतो, मात्र किंमत काय, हे गेम मास्टरला प्रत्येक वेळी क्षणात सुचावे लागते, आणि ज्याला ते सुचत नाही त्याच्या टेबलावर हा नियम चार बैठकांत विरून जातो.

यादीची लांबी हा दुसरा मोठा विषय. तिसऱ्या आवृत्तीत पहारेकऱ्याजवळून निसटायला लपणे वेगळे आणि आवाज न करणे वेगळे होते; प्रत्येकाची संधी ६० टक्के धरली तर दोन्ही जमण्याची ३६. एकच काम दोन फाशांत चिरले की ते चोरासाठीच अवघड होते, हे कौशल्ये बारीक करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने आणि २००९ च्या ‘पाथफाइंडर’ने ही जोडी ‘स्टेल्थ’मध्ये, तर पाहणे नि ऐकणे ‘पर्सेप्शन’मध्ये विलीन केले. त्यामुळे चोराची अडचण सुटली, पण ‘पर्सेप्शन’ इतके मोलाचे झाले की ते न घेणारे पात्र विरळा. आता घरचे नियम पुन्हा उलटे फिरतात: काही टेबले ‘पर्सेप्शन’ तोडतात, काही ते यादीतून काढून सर्वांनाच देतात. दुसरा उपाय अधिक प्रामाणिक आहे, कारण सगळेच जे घेतात त्यात निवड उरलेली नसते. यादीच नको असेल तर रॉब हाइन्सू आणि जोनाथन ट्वीट यांच्या ‘थर्टीन्थ एज’ची (२०१३) रीत पाहावी. तिथे पात्राला पूर्वायुष्यासाठी ८ गुण मिळतात, एका पूर्वायुष्यात जास्तीत जास्त ५. ‘बंदरावरची तस्कर +४’ लिहिलेले पात्र गाठी, लाच, भरती-ओहोटी आणि जकातीची चौकी या सगळ्यांत तो आकडा मागू शकते. पाचव्या आवृत्तीच्या डंजन मास्टर मार्गदर्शिकेतही पूर्वायुष्यावर आधारित प्रावीण्याचा पर्याय आहे. याच आवृत्तीने दिलेला, कमी वापरला जाणारा दुसरा पर्याय कौशल्याला दुसऱ्या मूळ गुणाशी जोडतो: धमकी व्यक्तिमत्त्वाऐवजी बळावर. यादीला धक्का न लावता एवढे काम करणारा नियम दुसरा नाही.

गट एकत्र असला की आकडे अनपेक्षित वागतात. पहिल्या लेव्हलच्या विद्वान जादूगाराला +५ आहे आणि प्रश्नाचा लक्ष्यांक १५, तर त्याला उत्तर ठाऊक असण्याची संधी ५५ टक्के. उरलेल्या चौघांना काहीच येत नाही, +०. प्रत्येकाला ३० टक्के. पण चौघांनीही फासा टाकला तर त्यांच्यापैकी एकाला तरी उत्तर ठाऊक असण्याची शक्यता ७६ टक्के होते. चार अडाणी मिळून एका विद्वानाला मागे टाकतात. त्या विद्वानाच्या खेळाडूने कौशल्यावर खर्च केलेला विचार इथे वाया जातो, आणि त्याचे खट्टू होणे रास्त असते. तिसऱ्या आवृत्तीतला नियम असा होता की ज्ञानाचे कौशल्य न शिकलेल्याला १० लक्ष्यांकापर्यंतचीच सामान्य माहिती असू शकते. तो परत आणावा, किंवा फासा एकानेच टाकावा आणि बाकीच्यांनी मदत करावी. लपण्याच्या बाबतीत उलटे घडते: पाच जणांपैकी प्रत्येकाला ७० टक्के संधी असूनही सर्वांना जमण्याची शक्यता १७ टक्केच. पाचव्या आवृत्तीच्या गट-चाचणीत निम्म्यांनी साधले तरी सर्वांना साधते, आणि तोच आकडा ८४ च्या घरात जातो. पुस्तकात असलेला हा नियम कित्येक टेबले विसरतात, मग चिलखत घातलेल्या एका पात्रापायी पूर्ण गट पुढे कधीच लपायला तयार होत नाही.

गटाचे दीर्घ काम फाशांच्या मालिकेत मोजण्याचा मोठा प्रयत्न चौथ्या आवृत्तीच्या ‘स्किल चॅलेंज’ने केला. ठरावीक अपयशांच्या आत ठरावीक यश जमवायचे, अशी ती रचना होती. प्रकाशनानंतर काही आठवड्यांतच तिचे आकडे प्रकाशकांना बदलावे लागले आणि कितीही लांब कामाला तीनच अपयशांची मर्यादा आली. पाचव्या आवृत्तीच्या टेबलांवर ही रचना घरचा नियम म्हणून टिकून आहे. तिचे जुने दुखणेही सोबत आहे: खेळाडू आपले सर्वांत मोठे कौशल्य शोधतो आणि ते कसेबसे प्रसंगात बसवतो. एकच कौशल्य दोनदा वापरता येणार नाही आणि कृती सांगितल्यावरच कौशल्य ठरेल, या दोन अटी घातल्या की ती बरीच सुधारते.

बोलण्याची कौशल्ये सर्वांत नाजूक. मितभाषी खेळाडूला वाक्पटू पात्र रंगवायचा तेवढाच हक्क आहे जेवढा किरकोळ अंगाच्या खेळाडूला पैलवान रंगवायचा. उलट, टेबलावर खरोखर सुरेख युक्तिवाद झाला आणि फाशाने तो मातीत घातला तर तेही बोचते. तिसऱ्या आवृत्तीत मन वळवण्याचे लक्ष्यांक ऐकणाऱ्याच्या आधीच्या वृत्तीवर ठरत. तो खेडूत आहे की सम्राट याने फरक पडत नसे, आणि बोनस वाढवलेले पात्र कुणालाही मित्र करू शकत असे. ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’ या चित्रकथेचे लेखक रिच बर्ल्यू यांनी यावर लिहिलेला पर्यायी नियम घरच्या नियमांचा नमुना म्हणून अभ्यासण्याजोगा आहे. त्यात मन वळवणे म्हणजे सौदा. लक्ष्यांक ऐकणाऱ्याच्या लेव्हलवर, दोघांच्या नात्यावर आणि सौद्यातल्या लाभ-जोखमीवर ठरतो. खेळाडूने काय देऊ केले याला वजन येते, ते कसे उच्चारले याला नाही. पात्राचा आकडा आणि खेळाडूची बुद्धी दोन्ही कामी येतात, आणि अबोल खेळाडूही मागे पडत नाही. यापेक्षा चांगली विभागणी सापडणे कठीण.

लपवून टाकायच्या फाशांचा प्रश्न याला लागूनच येतो. समोरचा खोटे बोलतो आहे का, हे पाहताना खेळाडूला फाशावर ३ दिसले तर ‘तो खरे बोलतोय’ या उत्तरावर त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून असा फासा गेम मास्टरने पडद्याआड टाकावा, ही रीत चोराच्या सापळ्यांइतकी जुनी आहे. पाचव्या आवृत्तीने दहा अधिक बोनस असा ‘पॅसिव्ह’ आकडा देऊन फासाच वगळला. त्याचा परिणाम नीट समजून घ्यावा: पात्राचा आकडा १६ आणि सापळ्याचा लक्ष्यांक १५ असेल, तर सापळा सापडणार हे गेम मास्टरने आदल्या रात्री लिहितानाच ठरवलेले असते. काही टेबले यासाठी लक्ष्यांकाच्या बाजूने फासा टाकतात. ते पुरेसे आहे.

नैसर्गिक २० म्हणजे हमखास यश आणि १ म्हणजे फजिती, हा कदाचित सर्वांत पसरलेला घरचा नियम. पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकात हे फक्त हल्ल्याच्या फाशाला लागू आहे, पण असंख्य खेळाडू तो कौशल्यांचाही मूळ नियम समजतात. २० पडल्यावरचा जल्लोष खरा आहे आणि तो हिरावून घेण्याचे कारण नाही. अशक्य काम गेम मास्टरने मुळात फाशावर सोडले नाही म्हणजे झाले. १ ची बाजू मात्र घातक आहे. रोज दोरीवर चालणारी कसलेली डोंबारीण सरासरी वीस दिवसांतून एकदा पडेल, असा त्याचा अर्थ होतो. निष्णाताच्या अपयशाला त्याची चूक म्हणण्याऐवजी परिस्थितीचा अडथळा म्हणावे, दोर जुना निघाला म्हणावे. मग हा नियम सुसह्य होतो.

कौशल्य वाढते कसे, हा नियम खेळाडूंच्या वागण्यावर सर्वांत खोल परिणाम करतो. ‘रूनक्वेस्ट’ कुळात यशस्वी वापराला खूण करायची आणि नंतर वाढीसाठी फासा टाकायचा. कौशल्य जितके मोठे, तितकी वाढ अवघड. शिकण्याचे हे चित्र फार सच्चे आहे. पण खुणा मिळवण्यासाठी एकाच लढाईत शस्त्रामागून शस्त्र बदलणारी पात्रेही त्यातूनच निघाली. ‘डंजन वर्ल्ड’ (२०१२) हुकलेल्या फाशाला अनुभवाचा गुण देते, आणि खेळाडू धोका पत्करायला धजावतात. पाचव्या आवृत्तीत नवे कौशल्य शिकायची वाट अरुंद आहे, तिथे घरचा नियम खरोखर हवा असतो. गुरू, फी आणि गोष्टीत गेलेला काळ यांच्या बदल्यात एक प्रावीण्य, एवढी सोय मोहिमेला पुष्कळ पुरते.

नियम ठरला की तो एका वाक्यात लिहून सर्वांना द्यावा आणि कोणत्या अडचणीसाठी केला तेही शेजारी नोंदवावे. अडचण सरली की नियम काढता येतो. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. बदल बैठकीच्या मधोमध लागू करू नये. त्या क्षणी गेम मास्टरचा तात्पुरता निर्णय चालतो आणि नियम पुढच्या वेळेपासून. मोहीम चालू असताना यादी बदलली, कौशल्ये विलीन झाली किंवा गाळली गेली, तर त्यांवर खर्च झालेली प्रावीण्ये खेळाडूंना परत करावीत आणि नव्या यादीतून त्यांना नव्याने निवडू द्यावे.